शुक्रवारी लिंपलेली हंडी

मी आचारी माणूस. सोलापुरात लग्नाची, जावळाची, कंदुरीची जेवणं करतो. पाचशे पानांचं मटण मला दीड तासात तयार लागतं. जाळ मोठा, तेल सढळ, काळं तिखट मूठमूठ, आणि झाऱ्यानं सतत हलवत राहायचं. लोक म्हणतात, दत्ताला उशिरा सांगितलं तरी चालतं, त्याचं मटण वाट बघायला लावत नाही. त्याचा मला अभिमान होता. म्हणून गेल्या जानेवारीत पेण-रोह्याला जाऊन मी जे पाहिलं ते घरी सांगायला लागलो, तर बायकोला आधी वाटलं मी थट्टा करतोय. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत हंडी विस्तवावर ठेवायची आणि शनिवारी दुपारी उतरवायची. मधल्या वेळात झाकण उचलायचं नाही, ढवळायचं नाही, विस्तवावर फुंकरही घालायची नाही.

मला तिकडं नेलं रिबकाबाईंनी. आमच्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, कारण पस्तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हातावर जन्मल्या. धाकटी जन्मली तेव्हा माझी बायको जवळजवळ गेल्यात जमा होती. सिस्टर दोन दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा विसाव्याचा शनिवार शुक्रवारी दिवस मावळला की लागतो. सिस्टरांचं माहेर रोह्याचं. त्यांनी एका ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, तेव्हा थोरले भाऊ शालोम यांनी सांगितलं, "आजपासून तुझ्या हातचं पाणीसुद्धा या घरात चालायचं नाय." त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. सिस्टरांचे यजमान वारले तेव्हाही भाऊ आले नव्हते.

डिसेंबरात रोह्याहून एक फोन आला. भावाच्या शेजारणीचा, मंजुळावहिनींचा. सिस्टरांनी स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकला.

"काका कायमचं चाललेत इस्रायलला, मुलाकडं. घर विकलं. काकी जाऊन दोन वर्ष झाली, तेव्हापास्नं दर शनिवारी गार पाव खातात. त्या दिवशी चूल पेटवत नायत ना. परवा म्हणाले, जायच्या आधी एकदा हंडी खायला पायजे होती. ती करणारं तुमच्याबिगर कोण ऱ्हायलंय आता?"

"त्यानं बोलावलंय मला?"

"बोलावलं नाय. मी विचारलं, आत्यांना बोलवू का. तर म्हणाले, आली तर येऊ दे."

सिस्टरांनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "दत्ता, 'येऊ दे' म्हणालाय. गाडी काढशील?"

गुरुवार, पेण

पहाटे निघून आम्ही दुपारपर्यंत पेणला पोचलो. खोपोलीचा घाट उतरल्यावर हवाच बदलली. आमच्याकडं जानेवारीत ओठ फुटतात. इथं शर्ट पाठीला चिकटला. शेतांत भाताची खुंटं उभी होती आणि त्यांच्यामध्येच वालाचे हिरवे वेल पसरलेले. पाऊस गेल्यावर जमिनीत जेवढी ओल उरते तेवढ्यावरच हा वाल येतो, वरून पाणी लागत नाही, असं सिस्टर म्हणाल्या. ज्वारीला पाणी मिळावं म्हणून रात्र रात्र मोटार बघत बसणारा माझा भाऊ मला आठवला.

पेणला आम्ही आधी हझानांकडं गेलो. हझान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे गृहस्थ. बोकड कापायचा अधिकारही त्यांचाच. सत्तरीपुढचे, बारीक, पांढऱ्या सदऱ्यातले. मी आजवर हजारो बोकड कापताना पाहिलेत, त्यात नवीन काय बघायचं म्हणून मी बाहेरच थांबणार होतो. सिस्टर म्हणाल्या, "बघ तरी."

हझानांनी सुरी घेतली आणि तिची धार अंगठ्याच्या नखावरून सावकाश फिरवली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. धारेत केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी चालत नाही, कारण खाचेनं जनावराला यातना होतात. तीन वेळा त्यांनी नख फिरवलं. तेवढा वेळ ते त्या सुरीखेरीज कशाकडंच बघत नव्हते. मग ओठातल्या ओठात प्रार्थना, आणि एकच ओढ. बोकड ओरडलाही नाही. हे काम इतक्या आदरानं करता येतं, हे मला तीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

मानेचे आणि खांद्याचे तुकडे बांधून देताना ते म्हणाले, "माझी मुलगी तिकडं इस्रायलात ह्याच हंडीत गाईचं मांस घालते. रातभर शिजून लोण्यासारखं होतं म्हणे. मोठ्या डब्यासारखं विजेचं भांडं असतं त्यांचं, बटण दाबलं की झालं. मी म्हटलं, घाला बाबा, तिकडचं तुमचं तुम्ही बघा. पण मूळची हंडी इथली, बोकडाची. आजूबाजूचे सगळे गाईला मानणारे. कायदा मागनं आला. आमच्या घरात ते पयल्यापास्नंच नव्हतं."

"कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? शेजारी ऱ्हायचं ना आपल्याला."

पेणहून वडखळच्या नाक्यावर आलो की खरं तर रोह्याला सरळ जायचं. पण सिस्टरांनी गाडी अलिबागच्या रस्त्याला वळवायला लावली. मीठ हवं होतं, आणि ते दुकानातलं चालणार नव्हतं. डोलवीच्या कारखान्याजवळ शिफ्ट सुटत होती. हेल्मेटवाल्या माणसांचा लोंढा, ट्रक, लाल धूळ, आणि वर बघवणार नाहीत एवढ्या उंच चिमण्या. त्या गर्दीतून बाहेर पडून धरमतरच्या खाडीकाठी आलो आणि एकदम सगळं सपाट झालं. तिवरांची हिरवी रांग, पलीकडं पाण्यातून संथ सरकणारा बार्ज, आणि अलीकडं बांधाबांधांनी आखलेले मिठागराचे चौकोन. आभाळ त्यांत जसंच्या तसं उतरलेलं. पहिलं मीठ नुकतंच निघायला लागलं होतं. बांधावर त्याचे पांढरे ढीग असे चकाकत होते की मला डोळे बारीक करावे लागले.

एक बाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होत्या. सिस्टरांनी दोन किलो मागितलं.

"दोन किलो?" बाई हसल्या. "दोन किलो काय मागतेस गो? घे ओंजळीनं किती पायजे तितका." सिस्टरांनी मीठ कशासाठी हवं ते सांगितलं. तशा बाई फळी टेकवून उभ्या राहिल्या. "मंग बारीक नको. ह्यो घे, जाडा. मटणाला लावला की लगीच विरघळत नाय, बसून ऱ्हातो. पयले तुमची लोकं यायची रोह्यासून, पोतीच्या पोती न्यायची. आता कोण येत नाय."

पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. माझ्या हातात एक खडा होता, बोराएवढा. उन्हात धरला तर आत चौकोनी पायऱ्या दिसत होत्या. तीस वर्षं मी मीठ वापरतोय. ते कसं जन्मतं ते त्या दिवशी पाहिलं.

रोह्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सिनेगॉगच्या गल्लीत, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर शालोमकाकांच्या दोन खोल्या. दारावर छोटी तिरपी पेटी ठोकलेली, तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी असतात. आत खोकी बांधून ठेवलेली. काका दारातच उभे होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, ताठ. धाटावच्या कंपनीत स्टोअर सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली. सिस्टर गाडीतून उतरल्या, पेटीला हात लावून ओठांना लावला आणि तिथंच थांबल्या.

काकांनी माझ्याकडं बघून म्हटलं, "प्रवास कसा झाला? त्यांना म्हणावं, आत या. पाय धुवायला पाणी मागं हाय."

त्यांना म्हणावं! मी मान वळवून सिस्टरांना म्हटलं, "आत या म्हणतात."

"त्याला सांग, मटण आधी गार जागी ठेवायला पाहिजे."

मी सांगितलं. काकांनी फ्रीजकडं बोट दाखवलं. त्या संध्याकाळी मी दोघांमध्ये बसून निरोप पोचवत राहिलो. दोघं समोरासमोर, मध्ये दोन हातांचं अंतर. एकमेकांचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचत नव्हतं. मंजुळावहिनींनी तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं. सिस्टरांनी वाढलं नाही, काकांनी मागितलं नाही. आपापलं घेऊन आम्ही जेवलो.

शुक्रवार, रोहा

सकाळी मागच्या पडवीत कामाला सुरुवात झाली. मंजुळावहिनी कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जातात. त्यांनी सुट्टी टाकली होती. त्यांनी दोन दिवस आधी कडवे वाल भिजवून मोड आणून ठेवलेले. कोमट पाण्यात घालून एकेक वाल सोलायचा. सोलल्यावर दोन दळं सुटी न होता अख्खा हस्तिदंतासारखा दाणा हातात येतो. मी पन्नास सोलले तेवढ्यात त्या दोघींनी परात भरली.

मटण आधी अर्धा तास पाण्यात ठेवलं, मग कालच्या जाड मिठात घोळवून तिरप्या फळीवर तासभर. मिठानं रक्त ओढून घेतलं आणि ते थेंबाथेंबानं मोरीकडं वाहून गेलं. मग तीनदा धुतलं. रक्त खायचं नाही, हा त्यांचा नियम. मी सवयीनं म्हणालो, "आता दही लावू का?" सिस्टर आणि मंजुळावहिनी एकदमच ओरडल्या, "नको!" मटणाच्या जवळपास दूध, दही, तूप काही येऊ द्यायचं नाही. ओलावा आणि गुळगुळीतपणा नारळाच्या रसानं आणायचा. मंजुळावहिनींना हे सगळं पाठ होतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या काकींच्या मागच्या दाराला यायच्या.

एका कोपऱ्यात पत्र्याचा जुना पिंप होता, अर्ध्यावर कापलेला. त्यात आदल्या दिवशी काकांनी भाताच्या गिरणीतून तूस आणून ठेवलेला. तूस म्हणजे भाताचं वरचं टरफल. आमच्याकडं भात कमी, त्यामुळं या टरफलावर काही शिजतं हे मला माहीत नव्हतं. "ह्यो भडकत नाय," वहिनी म्हणाल्या. "आतल्या आत चरत जातो. दाबून भरला तर दिवसभर, रातभर."

हंडी काकींची, हन्नाबाईंची. काळीशार, आतून तेलकट झळाळी आलेली, दोन वर्षं फळीवर पालथी. काकांनी ती स्वतः उतरवून चुलीशेजारी ठेवली आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, जपून."

दुपारी दोनला चूल पेटली. हंडी सगळ्यात आधी लाकडावर निम्मी शिजवून घ्यायची आणि मग तुसात पुरायची. तळाला कांद्याचे जाड काप, त्यावर लसूण-आलं-कोथिंबीर-मिरचीचं वाटण, हळद, धणे, मिरी, दालचिनी. मटण. मग वाल. मधूनमधून आमसुलं. मग नारळाचा पातळ रस. आणि शेवटी धुतलेली सहा अंडी, कवचासकट, रश्शात बुडवून. तिखट एवढंसं. मला वाटलं, हे सपक होणार.

तीन वाजून गेले. रस आटल्यासारखा दिसला. सिस्टर आत पीठ मळत होत्या, वहिनी तूस दाबत होत्या. हंडीपाशी मी एकटा. जाळ मला कमी वाटला म्हणून मी दोन लाकडं सरकवली. कडेचा मसाला करपायला लागला. मी, तीस वर्षांचा आचारी, शेजारचा तांब्या उचलला आणि गार पाणी हंडीत ओतलं.

काचेवर खडा लागावा तसा आवाज झाला. काठापासून खाली एक रेघ सरकत गेली आणि तिच्यातून पिवळा रस्सा बाहेर आला. चूल फसफसली. मी ओरडलो. सिस्टर धावत आल्या, वहिनींनी परात पुढं केली आणि आम्ही तिघांनी हातपाय भाजत मटण, वाल, अंडी परातीत काढली. रस सगळा राखेत गेला. हंडीची दोन शकलं चुलीत पडून राहिली.

काका दारात येऊन उभे राहिले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मेलेल्या बायकोच्या हातची शेवटची वस्तू मी फोडली होती.

"काका, माझ्या हातून—"

ते खाली बसले. चुलीतलं एक शकल फडक्यात धरून बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं. "हन्ना लग्न होऊन आली आणि तिनंबी पयली हंडी अशीच फोडली होती," ते म्हणाले. "गार पाणी घालून. आय तिला काय बोलली नाय. दुसरी घेऊन आली." मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं न बघता, माझ्या पलीकडं बघत म्हणाले, "रिबका, दिवस जायला किती वेळ हाय बघ गो."

सिस्टर परात धरून उभ्या होत्या. डोळे खांद्याला पुसून त्या म्हणाल्या, "अडीच तास, दादा."

"मंग रडतेस काय? हंडी बघ."

पण हंडी आणायची कुठून? मातीची भांडी गल्लीतल्या घराघरात होती. मी धावत विचारायला निघालो तर वहिनींनी अडवलं. "नाय चालायचं. इथली एक हंडी अशी नाय जिच्यात चिंबोरी शिजली नाय. माझी पण नाय चालणार." खवले नसलेलं, कवचाचं काही त्यांना चालत नाही, आणि ते शिजलेलं मातीचं भांडं कितीही घासलं तरी शुद्ध होत नाही. खेकडे, कोळंबी, निवट्या यांच्या या प्रदेशात असं भांडं शोधणं म्हणजे अवघडच. कुंभारवाडा पेणला, म्हणजे जाऊन येईतो अंधार.

वहिनी एकदम थांबल्या. आपल्या घरात गेल्या आणि कोरं करकरीत लाल मडकं घेऊन आल्या. रविवारी त्यांच्या माहेरची माणसं पोपटीला येणार होती. वालाच्या शेंगा आणि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भरतात आणि शेतात जाळ करून भाजतात, ती पोपटी. त्यासाठी आणलेलं ते मडकं.

काकांनी विचारलं, "कोरा हाय ना?"

"परवा बाजारातनं आणलाय, काका. पाणी पण लागलं नाय त्याला."

"आणि तुझी पोपटी?"

"पोपटीला काय, पत्र्याचा डबा बी चालतो. तुमची हंडी डब्यात नाय व्हायची."

आता माझं काम होतं. कोरं मडकं तसंच विस्तवावर ठेवलं तर झिरपतं, नाहीतर तडकतं. मी त्याला आतून-बाहेरून खोबरेल चोळलं, मंद आचेवर धरून तांदळाची गरम पेज भरली आणि ती पेज मातीच्या भोकांत जिरेपर्यंत अर्धा तास मडकं हळूहळू फिरवत बसलो. आयुष्यात इतक्या सावकाश मी काही केलं नसेल. वहिनी विळीवर बसून तीन नारळ खवत होत्या. काका मळलेल्या पिठाच्या लांब वाती वळत होते. सिस्टर वाटण पुन्हा परतत होत्या. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं आणि कोणी घड्याळाकडं बघत नव्हतं. सगळे त्या उन्हाकडं बघत होते.

साडेपाचला हंडी भरली. झाकण ठेवून सिस्टरांनी पिठाची वात काठावर बसवली आणि बोटांनी दाबत फिरवत नेली. बँडेज बांधावं तशी. कुठं फट नाही, कुठं सुरकुती नाही. तूस पेटवून पिंपात तिच्यासाठी खळगा केला होता. मी हंडी आत ठेवली, वरून तूस लोटला, राखेनं झाकला. जाळ नाही, आवाज नाही. फक्त धुराची एक दोऱ्याएवढी रेघ. माझा विश्वास बसेना की यावर काही शिजेल.

"आता?" मी विचारलं.

"आता आपला काय संबंध नाय," काका म्हणाले.

दिवस मावळायला आला. आतल्या खोलीत शनिवारच्या स्वागताचा तेलाचा दिवा तयार होता. दोन वर्षं तो काकाच लावत होते. खरं तर तो घरातल्या बाईनं लावायचा. काकांनी काडेपेटी उचलली, हातात धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग ती सिस्टरांसमोर टेबलावर ठेवली. सिस्टरांनी डोक्यावरून पदर घेतला. पहिली काडी विझली. दुसऱ्या काडीला वात पेटली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी आणि मंजुळावहिनी दाराबाहेर चपला काढून उभे होतो. ओठ हलताना दिसत होते, शब्द कळत नव्हते.

शनिवार, रोहा

सकाळी उठल्याबरोबर मी पडवीत गेलो. पिंप वरून पार काळा, मेल्यासारखा. हात वर धरला तर संथ, दाट ऊब तळव्याला लागली. वास मात्र अजिबात नाही. पिठानं सगळा आत कोंडून धरला होता.

काका पांढरा सदरा घालून सिनेगॉगला गेले. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालत गेलो. तिथं पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दिवशी सहा आले. सहांत जेवढं म्हणता येतं तेवढं त्यांनी म्हटलं. बाहेर पायरीवर बसून मी ऐकत होतो. म्हातारे आवाज, एक दुसऱ्याला सावरत जाणारे. पुढच्या शनिवारी पाच असतील, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

दुपारी बारा वाजता आम्ही पडवीत जमलो. शनिवारी विस्तवाला ते हात लावत नाहीत, म्हणून राख बाजूला करून हंडी मी बाहेर काढली. लाल मडकं काळंभोर झालं होतं. पिठाची वात भाजून खापरासारखी कडक. सिस्टरांनी चमच्याच्या दांड्यानं तिच्यावर टिचकी मारली आणि झाकण उचललं.

तो वास मला सांगता येत नाही, आणि वासावरच माझं पोट चालतं. मटणाचा, कांद्याचा, नारळाचा असा वेगवेगळा नव्हताच तो. अठरा तास एकमेकांच्या सहवासात राहून त्यांचं काहीतरी तिसरंच झालं होतं. मंजुळावहिनींनी डोळे मिटले. कांदा दिसतच नव्हता, तो सगळा रश्शात विरलेला. रस्सा तपकिरी, जाड, वर तेलाचा नावालाही तवंग नाही. वाल मात्र अख्खे, एकही फुटलेला नाही, आणि जिभेनं दाबले की साय. मी मानेचा तुकडा उचलायला गेलो तर हाड नुसतंच हातात आलं. अंड्याचं कवच सोललं तर आतला पांढरा बलक चहाच्या रंगाचा झालेला.

मी पहिला घास घेतला आणि खाली बघत बसलो. तीस वर्षं मी मटणाला घाई केली. घाईचं मटण वाईट नसतं, लोक बोटं चाटतात. पण त्याच्या आत हेही होतं, आणि मी कधी थांबून त्याला बोलू दिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. तिखटानं म्हणावं तर तिखट नव्हतंच.

काका जेवत होते. भाकरी मोडून, रश्शात बुडवून, सावकाश. सिस्टर वाढून बाजूला उभ्या. स्वतःचं ताट त्यांनी घेतलं नव्हतं. काकांनी भात संपवला, दुसऱ्यांदा घेतला, तोही संपवला. गल्लीतून एक टेम्पो गेला. मग काकांनी शेवटचं बोट चाटलं आणि ताटाकडंच बघत विचारलं,

"नाव काय होतं गो त्याचं?"

सिस्टरांच्या हातातला डाव तसाच राहिला. एक्केचाळीस वर्षांत त्या घरात ते नाव कुणाला उच्चारू दिलं नव्हतं.

"सायमन."

"सायमन." काकांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "म्हंजे शिमोन. आपल्यातलंच नाव की."

"हो, दादा."

"त्याला घालायचीस ही?"

"दर शनिवारी. आमच्याकडं तूस नव्हता. शेणीच्या राखेत ठेवायचे. त्याला आवडायची. अंडी आधी खायचा."

"काम काय करायचा?"

"शाळेत चित्रकला शिकवायचा."

काका हसले. हसले म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली, पण पुढच्या क्षणी त्यांची हनुवटी हलायला लागली. "चित्रकला," ते म्हणाले. "मला बघितलं असतं तर माझं काढलं असतं का त्यानं?"

"काढलंय, दादा."

"कसं काढील? त्यानं मला कधी बघितलं नाय."

"मी सांगत गेले, तो काढत गेला. कपाळ असं, कान असे. पाच-सहादा खोडलं असेल. आमच्या पुढच्या खोलीतच लावलंय." सिस्टर पदरानं डोळे पुसायला लागल्या. "नाक तेवढं जरा मोठं आलंय."

शालोमकाकांनी उष्टा हात तसाच धरून डाव्या हातानं नाक चाचपलं, मुळापासून शेंड्यापर्यंत.

"मोठं आलं नाय गो," ते म्हणाले. "मोठंच हाय." आणि आपलं ताट थोडं बाजूला सरकवून त्यांनी शेजारी जागा केली. "बस. तू अजून जेवली नायस."